करंगळीपासून सुरू होणारा शब्द
परवा विमा कंपनीचं पत्र आलं आणि त्यातल्या एका लांबलचक जर्मन शब्दाने मला चेन्नईच्या एग्मोरमधल्या संध्याकाळच्या जर्मन भाषेच्या वर्गात नेऊन बसवलं. खालच्या हॉटेलातून कॉफीचा वास वर यायचा. माझ्या शेजारी बसायची तंजावरी मराठी घरातली एक मुलगी, गाण्याच्या शिकवण्या करणारी. लग्न होऊन वर्ष झालं होतं, नवरा जर्मनीत होता आणि जर्मनची परीक्षा पास झाल्याशिवाय तिला व्हिसा मिळणार नव्हता. आरोग्यविम्याचा हाच शब्द तिला एका दमात येईना, म्हणून ती ताल धरायची. मांडीवर एक थाप, मग करंगळीपासून एकेक बोट टेकवत क्रां, केन, फेर, झि, शे, रुंग. मी पुण्याहून आलेली, शिष्टपणे म्हणाले, "परीक्षेत हात हलवू नकोस, हसतील." ती म्हणाली, "हात धरून ठेविला तर शब्द येईना मज, अक्का." तरी तिने माझं ऐकलं. तोंडी परीक्षेत आम्ही एकाच गटात होतो आणि नेमका विम्याचा प्रश्न तिच्या वाट्याला आला. ती हात घट्ट गुंफून बसली आणि पहिल्याच तुकड्यावर अडकली. डोळे भरून आले तिचे. मला माझीच लाज वाटली. सगळ्यांना दिसेल असा हात टेबलावर ठेवून मी थाप दिली आणि करंगळी टेकवली. तिने पाहिलं, हात सोडवले आणि सहाही तुकडे तालात बाहेर पडले. परीक्षक हसले नाहीत. ती गेली नवऱ्याकडे. पुढे नोकरीमुळे मीही जर्मनीत आले, आणि अजूनही विम्यासाठी फोन लावला की तोंड उघडण्याआधी माझी करंगळी मांडीवर टेकते.