थुंकी मागणारी बाई

इतक्या वर्षांच्या नोकरीत कितीतरी गुन्हे विसरलो, पण त्या बाईचं प्रकरण काही डोक्यातून जात नाही.

वेल्ह्याला मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो, निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. गुंजवणी धरणाकडच्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, परदेशातली एक बाई घरोघर थुंकी मागतीया. नळीत घालून नेती म्हनं. लोकं लई तापल्यात."

चोरीचे बैल शोधले, डोंगरात चुकलेले ट्रेकर शोधले. थुंकीची तक्रार ही पहिलीच. जीप काढली.

गावात बाईला लोकांनी घेरलं होतं. दोघं-तिघं करणी म्हणत होते, बाकीच्यांना भीती जमिनीची. "वारस हाय म्हनून सातबाऱ्याला नाव लावंल ही," एक म्हातारबा म्हणाले. धरणात शेतं गेलेली माणसं ती, त्यांचंही चूक नव्हतं. बाईला ठाण्यात आणलं, महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवलं आणि चहा मागवला.

बाई पंचेचाळिशीची, मराठी चांगली बोलत होती. पुण्याच्या अनाथाश्रमातून एका मराठी जोडप्यानं तिला तान्ही असताना दत्तक घेतलं आणि परदेशी नेलं. आता घरबसल्या डीएनए तपासता येतो. नळीत थुंकायचं, पोस्टानं पाठवायचं, मग कंपनी रक्ताचे नातेवाईक कळवते. या गावच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या एकानं हौसेनं तीच तपासणी केली होती. त्याच्याशी हिचं जवळचं नातं जुळलं. त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि नंतर फोन उचलणंच सोडलं.

"म्हणून अख्खं गाव तपासायला निघालात?" मी दरडावून विचारलं.

"आई कुठल्या घरातली ते कळेल ना."

"कळलं तर पुढं काय?"

"मला जमीन नको, साहेब. मला टाकलं होतं की आईकडून काढून नेलं होतं, एवढंच हवंय."

खोटं बोलणारे आयुष्यभर ऐकले. ही खरं बोलत होती, आणि खरं सांगायचं तर आता मलाही चैन पडेना. मतदारयादी मागवली, साठीच्या पुढच्या बायकांच्या नावांवर खुणा केल्या आणि पोलीस पाटलांना बोलावलं. त्यांनी यादी पाहिली आणि हसलेच.

"साहेब, ह्या समद्या सुना. बाहीरनं आलेल्या. गाव सारं एका भावकीचं. हिचं रक्त गावचं, म्हंजी आई गावची लेक. लगीन होऊन गेलेली लेक गावात कशी घावंल?"

माझ्यासारख्या खेड्यात वाढलेल्या माणसानं ही चूक करावी! लाज वाटली. "मग लेकी कुठं भेटतील?"

"पंधरा दिसांनी जत्रा हाय. देवीची ओटी भराया माहेरवाशिनी येत्यातच."

जत्रेला बंदोबस्त आमचाच. बाईला साडी नेसवून देवळाच्या पायरीशी बसवलं. गर्दीत माणूस हुडकायची माझी एक सवय आहे. सगळे बघत असतात तेव्हा न बघणाऱ्यावर नजर ठेवायची. त्या दिवशी येणारी-जाणारी प्रत्येक बाई या पाहुणीकडे टकामका बघत होती. साठी ओलांडलेली एकजण मात्र खाली मान घालून आत गेली, तशीच बाहेर आली. चेहरा पाहिला आणि मला पुरावा लागला नाही. तेच कपाळ, तीच हनुवटी.

मी विचारलं काहीच नाही. सासरची माणसं सोबत होती, एका प्रश्नानं तिचा संसार उघड्यावर आला असता.

चार पावलं जाऊन ती थांबली. "पावनी हाय, ओटी भरते जरा," असं जावेला म्हणाली आणि परत आली. पाहुणीच्या पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. कुंकू लावायला वाकली तेव्हा मी हातभर अंतरावर होतो.

"टाकली न्हाई बाई तुला," ती पुटपुटली. "अंगावर पीत हुतीस, तशी उचलून नेली."

मग मोठ्यानं म्हणाली, "जेवून जावा, पावनं." आणि नातवंडांना घेऊन टेम्पोत चढली.

पाहुणी पदर धरून बसून राहिली. टेम्पोचा नंबर मला दिसत होता. एका फोनवर गाव, घर, नाव मिळालं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. "नको, साहेब," ती म्हणाली, आणि मग रडली.

ठाण्यात येऊन मी तक्रार निकाली काढली. तपास शेवटपर्यंत न्यायचा, असं नव्या पोलिसांना मी आयुष्यभर बजावत आलो. तो कुठं थांबवायचा, हे त्या मायलेकींनी मला निवृत्तीच्या तोंडावर शिकवलं. त्या आईचं नाव मला आजही माहीत नाही, आणि त्याचं मला बरं वाटतं.