गो-एड

आयटी कंपन्या आल्या त्या वर्षांत पुण्याच्या कडेला मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घ्यायचे. भाडेकरूंशी बोलता यावं म्हणून पन्नाशीच्या एक घरमालकीण तिथे यायच्या. भूतकाळाचा ‘एड’ म्हणताना त्या भाकरी थापल्यासारखा बाकावर हात मारायच्या. वॉक-एड! टॉक-एड! उच्चाराचं मी मनावर घेणं सोडलं होतं.

एकदा भूतकाळातलं वाक्य करायला सांगितलं. त्या उठून म्हणाल्या, “माय फील्ड गो-एड.”

“‘गो’चं ‘वेंट’ होतं,” मी म्हटलं.

“वॉक-एडमधी वॉक हाय. वेंटमधी गो कुठं हाय?”

“नाहीये. पाठच करायचं असतं ते.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांची ज्वारी जिथे उभी असायची तिथे आता काचेची इमारत होती.

“आपल्यात बी तसंच हाय की, मॅडम. ‘जा’चं ‘गेलं’ हुतं. गेलं म्हटल्यावर त्यात ‘जा’ कुठं ऱ्हातो?”

दोन्ही भाषा शिकवण्यात माझा जन्म गेला, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

“माय फील्ड वेंट,” त्या म्हणाल्या. या वेळी बाकावर हात पडला नाही.