सुतळीने बांधलेली कृपा

जव्हारच्या आमच्या साप्ताहिकात पहिली बातमी कायम 'श्रीमंत महाराजांच्या कृपेने' अशी सुरू व्हायची. दर आठवड्याला तेच छपाईचे खिळे कोण जुळवणार, म्हणून ती ओळ मी सुतळीने बांधूनच ठेवली होती. संस्थान विलीन झालं, तरी सुतळी सुटली नाही. महाराजांच्या कृपेने जामसरला भात उत्तम पिकला, महाराजांच्या कृपेने गावात नवे मामलेदार आले.

हे मामलेदार तणतणत छापखान्यात आले. "मला सरकारने नेमलंय. ही कृपा बंद करा."

मीही चिडून त्यांच्यासमोरच ओळ मोडली.

महिन्याभराने साहेब मुलीचं लग्न ठरल्याची बातमी घेऊन आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "व्याही जुन्या वळणाचे आहेत हो. एवढ्यापुरती ती ओळ घाला."

मी दातओठ खात ओळ पुन्हा जुळवली आणि या वेळी सुतळीला दुहेरी गाठ मारली.