वैनगंगेचा न उतरलेला पूर

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोलेही नाही. तुम्हाले सांगून राहिलो—काहून, ते विचारू नका. सांगायले बसतो अन् दुसऱ्याच गोष्टी आधी सुचतात.

प्रफुल्लपासून सुरू करतो. कोराडीच्या कॉलनीतला पोट्टा, वडील वीज केंद्रात. मी नंदनवनचा. कॉलेजपासूनची दोस्ती, अन् दोघांलेही कम्प्युटरवर राज्य चालवायच्या गेमचं याड. धान्य साठवा, फौज उभी करा, शेजाऱ्याचा किल्ला घ्या. त्या गेममध्ये सारं जग होतं, आपला मुलूख तेवढा नव्हता. म्हणून आम्ही मॉड बनवला. मॉड म्हणजे—गेम दुसऱ्याचा, त्यावर हौसेनं आपलं कलम बांधायचं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात ना, तसं. देवगड, चांदा, गोंड राजांचे किल्ले, सगळं घातलं त्यात. नकाशा माझा, खेळाचे नियम त्याचे.

अन् नकाशा म्हणजे नुसतं चित्र नव्हे, बाप्पा! पवनीपासून मोटरसायकल घेऊन मी वैनगंगेच्या काठाकाठानं फिरलो. पूल नव्हते तेव्हा लोक नदी कुठून पार करायचे, हे नदीवर नाव अन् जाळं चालवणाऱ्या म्हाताऱ्या ढिवरांले विचारत फिरलो. उन्हानं नाकाची साल निघाली. प्रफुल्लनं त्यावर एक नियम बसवला—पावसाळ्यात नदी फुगली की फौज अडकणार, पाणी उतरलं की पार होणार. नियम झकास होता. त्यात वाद नाही.

मॉड बाहेर पडला अन् लोक तुटून पडले. मग सुरू झालं. आमचं गाव काहून नाही? आमचा किल्ला एवढासाच? पुढचं अपडेट कधी, भाऊ? फुकटात घेतलेल्या माणसाची मागणी कधी पुरी होते काय? शिव्या साऱ्या नकाशाले, म्हणजे मले. वाहवा सारी पावसाळ्याच्या नियमाले, म्हणजे त्याले. तेही गिळलं मी. खरंच गिळलं.

मग एका चॅनलवाल्यानं त्याची मुलाखत घेतली. नकाशाचं विचारलं तं हा हसला. म्हणे, "ते आपल्या दोस्ताकडे—रंगकाम त्याचं."

रंगकाम!

तिडीक गेली डोक्यात. आता सांगतानीही जाऊन राहिली. त्याले मेसेज टाकला, "मस्त झाली मुलाखत." अन् मनात म्हटलं—थांब लेका, दाखवतो तुले रंगकाम.

त्याच सुमारास पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं त्याले बोलावलं होतं. डिग्री त्याची बेताचीच, दाखवायले होता तो हा मॉड. लहानपणापासून त्याले हेच काम करायचं होतं, दुसरं काहीच नाही. हे मले माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

आमची एक पद्धत होती. अपडेट सोडायच्या आधी दोघं खेळून पाहायचो, पण खेळातली पहिली काही वर्षंच. पुढं जायचा धीर कोणाले? खेळणारे मात्र महिनोनमहिने एकच राज्य चालवत, खेळातली शंभर-शंभर वर्षं. नदीचं पाणी किती, हे माझ्या नकाशात लिहिलेलं होतं. तिथं मी—

हो, मीच. तिथं मी असं करून ठेवलं की खेळ बराच पुढं गेला की वैनगंगेले पूर येणार अन् तो कधीच उतरणार नाही.

अपडेट सुटलं. दोन्ही काठांवर फौजा अडकल्या, उपाशी मेल्या. लोकांची वाढवलेली राज्यं बसली. पावसाळा कोणाचा? प्रफुल्लचा. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच आपटलं त्याले. मी एकेक शिवी वाचली, काही तं दोनदा वाचल्या. सकाळी तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा हाणल्या, अन् चव अशी की काय सांगू! मले आनंद झाला होता. खोटं काहून बोलू?

तो माझ्या घरी आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. नियमाची ओळ न् ओळ तपासली म्हणे, काहीच सापडत नाही. मी चहा ठेवला पुढं. अन् म्हटलं, "माझा नकाशा पाहून घे ना एकदा." काहून म्हटलं असन मी? त्याले सापडावं म्हणून? की तो पाहणार नाही याची खात्री होती म्हणून?

"तुझ्या नकाशात काय पाहू गा?" तो म्हणाला. "तिथं चूक राहत नाही. माझीच असन."

तेच त्यानं सगळ्यांले लिहून टाकलं. पुण्यालेही मुलाखतीत स्वतःच सांगितलं—चूक माझी आहे, पण अजून सापडली नाही. त्यांनी नाही म्हटलं. स्वतःची चूक न सापडणाऱ्याले कोण घेईन?

त्यानंतर मी पूर उतरवला. लोक म्हणाले, नकाशावाल्या भाऊनं वाचवलं. प्रफुल्लनं विचारलं, "चूक कुठं होती गा?" मी त्याच्या तोंडाकडे पाहून सांगितलं, "तुझ्याच नियमात. एक आकडा चुकला होता." तो मान हलवत राहिला. सूड त्या दिवशी पुरा झाला.

आता तो वाडीले एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात आहे, कोणता ट्रक कधी सोडायचा ते पाहतो. गेमचा विषय निघाला की म्हणतो, "आपलं डोकं कच्चं आहे गा त्यात."

परवा चहाच्या टपरीवर मीच विचारलं, ती चॅनलवाल्याची मुलाखत आठवते काय. वाटलं, आठवत नसन. तं खाली पाहून म्हणाला, "हाव ना. घाबरलो होतो, काहीच्या काही बोलून गेलो. तू उन्हातान्हात फिरला, अन् मी रंगकाम म्हटलं. तवापासून मनाले लागून आहे. माफी मागायची हिंमत नाही झाली कधी."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ दे गा. माफ केलं."