भाडेकऱ्याच्या बापाचा दहावा

माझ्या मागच्या खोलीत बिहारचं एक बिऱ्हाड चार वर्षांपासून भाड्यानं राहतं. नवरा, बायको आन एक पोरगी. नवरा सळईच्या कारखान्यात भट्टीवर. त्यांची सगळी हकीकत माझ्या बायकोला ठाऊक होती. मला नळापाशी कोण पाणी सांडतं एवढंच ठाऊक. बायको सात महिन्यांमागं गेली. नंतर त्या माणसाचा बाप वारला, तेव्हा लक्षात आलं की मला त्याच्या गावाचं नावबी म्हाईत न्हाई.

रेल्वेनं दोन दिवस लागतात. तिकडं भावानं अग्नी देऊन टाकला. हा इथंच डोकं भादरून बसला. मी म्हणालो, "दहावा शहागडला करू. गोदावरी हाय तिथं."

एसटीनं गेलो. भटजीनं पिंड मांडलं. कावळे बाभळीवर बसून राह्यले, एकबी खाली येईना.

"चाचा, हमारे गाँव में इतना रुकते नहीं."

"इथं रुकतात. बापाची काही इच्छा राह्यली आसंल. पुरी करतो म्हन, लगेच शिवतो."

माझ्या बायकोचं पिंड कावळ्यानं मांडल्या मांडल्या उचललं होतं. लोक म्हणाले, भाग्याची, काहीच इच्छा राह्यली न्हाई. मला राग आल्ता. चाळीस वर्षांचा संसार, अर्धा तास तरी अडायचं.

त्यानं बाभळीकडं बघितलं. मंग सांगाय लागला. सतरा वर्षांचा असताना गाव सोडलं. पहिले सुरत, मंग जालना. बापानं त्याच्यासाठी गावी एक खोली बांधली, दार बसवलं, कुलूप लावलं. दर आठवड्याला बाप ती उघडून झाडायचा. तिथं कुणी एक रात्र झोपलं न्हाई. फोनवर बाप एकच विचारायचा, कधी येतोस?

"मंग येतो म्हन की."

"झूठ बोलूँ? बाप से?"

"आमच्यात लई जण बोलतात. कावळा कुठं तपासाय येतो?"

"लड़की यहाँ मराठी में पढ़ती है, चाचा. वहाँ काम नहीं है."

ऊन चढलं. मी म्हणालो, "बस चुकंल आता."

तो उठला. पिंडापुढं हात जोडून आपल्या बोलीत बोलला, "कोठरी भइया के दे दीं. हम ना लौटब." खोली भावाला द्या, मी परत येत न्हाई. एवढं मलाबी कळलं.

तरी कावळा आला न्हाई. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

"ऐसा चलता है?"

"चलता है," भटजी म्हणाला. "बहुतों का ऐसाच होता है."

बसची वाट बघत होतो तर त्याच्या आईचा फोन आला. कधी येतोस, ती विचारत होती. लांबूनबी ऐकू येत होतं, म्हातारी मोठ्यानं बोलते.

"हँ माई," तो म्हणाला. "छठ में आइब. पक्का."

छठ म्हणजे दिवाळीनंतरचा त्यांचा सण. फोन खिशात टाकला, माझ्याकडं बघितलं न्हाई. मी एसटीच्या वेळेचा तक्ता वाचत उभा राह्यलो. मला वाचता जरा कमीच येतं. बस येईपर्यंत तक्ता पुरला.