भिंतीपलीकडचा भुसा

औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी ट्रकचा वजनकाटा होता आणि त्याच्या काचेच्या खोलीत ती चौदा वर्षं बसत होती. ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं, पावती द्यायची. सगळे तिला काटाताई म्हणायचे. पण वजनापेक्षा आत काय भरलंय याचंच तिला कुतूहल. ताडपत्रीचं टोक उचलून डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

एके सकाळी फर्निचरच्या कारखान्यातून भुशाचा ट्रक निघाला, गावाबाहेरच्या खड्ड्यात रिकामा व्हायला. तो हलतो न हलतो तोच दुसरा ट्रक आत शिरला. त्यातही भुसाच! कपबशांच्या कारखान्यात, माल भरताना खोक्यांत घालायला.

"कुठून आणलात हो?" तिने विचारलं.

"लांबून. पहाटेपासून गाडी चालवतोय," ड्रायव्हर जांभई देत म्हणाला.

काटाताईने कपाळावर हात मारला. त्या दोन कारखान्यांमध्ये अंतर काय, तर एक भिंत!

पण दोन्ही मालकांचं तीन वर्षं तोंड पाहणं बंद होतं. एकदा इकडचा भुसा उडून तिकडच्या ओल्या कपांवर बसला आणि जी जुंपली ती जुंपलीच. तिच्या शिंपी नवऱ्याने हे ऐकलं आणि मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "मध्ये पडू नकोस. दोघं मिळून तुझाच भुगा करतील."

ऐकेल ती काटाताई कसली! दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर भुसा घेऊन कपबशीवाल्या शेठकडे गेली. त्यांनी तो तळहातावर चोळून पाहिला.

"झकास आहे. कुणाचा?"

"आधी घेतो म्हणा, मग सांगते."

"बरं, घेतो."

नाव ऐकल्यावर शेठचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण शब्द तर दिला होता. फर्निचरवाले मात्र अडून बसले. "त्याने स्वतः मागायला यावं."

"त्यांनी नाही मागितला. मी मागतेय," काटाताई म्हणाली. चौदा वर्षांच्या ओळखीला नाही कसं म्हणणार?

पहिली पोती गेली आणि चौथ्या दिवशी भिंतीपाशी आरडाओरडा सुरू झाला. काटाताई धावत पोचली. शेठ हातात कप नाचवत होते. भुशात चुका, म्हणजे सुतारकामातले बारीक खिळे, निघाले होते आणि वीस कपांच्या चकाकीवर चरे पडले होते. फर्निचरवालेही बाह्या सरसावून उभे. सगळा उपद्व्याप काटाताईचाच.

तेवढ्यात फर्निचरवाल्यांकडचे म्हातारे सुतारमामा पुढे झाले. चष्मा वर करून त्यांनी कप न्याहाळला, त्यातल्या भुशातून बारीक खिळा नखाने काढला आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, चूक आमची. आणि चुकाही आमच्याच."

ते ऐकून आधी शेठनाच हसू फुटलं आणि पाठोपाठ फर्निचरवाल्यांनाही.

संध्याकाळपर्यंत मामांनी चाळण बनवली, तिच्याखाली मोठं लोहचुंबक बसवलं. महिन्याभरात भिंतीला खिडकी पाडली गेली आणि भुसा घसरगुंडीवरून थेट पलीकडे जाऊ लागला.

बातमी वसाहतभर झाली. फुटके कप फरशीवाल्याकडे जाऊ लागले. काचवाल्याचं गटारात सोडलं जाणारं गरम पाणी शेजारच्या धुलाईघराने नळ टाकून नेलं. जो तो काट्यावर येऊन विचारी, "ताई, आमच्याकडचं हे कुणाला लागेल का हो?"

मग एक दिवस वसाहतीच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. "काट्यावर गाड्या येईनाशा झाल्यात. तुम्हाला नुसतं बसवून कसं ठेवायचं?"

आपल्याच हाताने आपली नोकरी घालवली की काय! साहेबांनी टेबलावरून एक किल्ली पुढे सरकवली. "उद्यापासून बसायचं नाही. स्कूटरवरून फिरायचं. कोणाचं काय वाया जातं, कोणाला काय हवंय, ते शोधायचं."

स्कूटर तिने जन्मात चालवली नव्हती. आठवडाभर नवरा मैदानात मागून पळत राहिला, "ब्रेक! अगं ब्रेक!" करत.

आठव्या दिवशी काटाताई रंगाच्या कारखान्यात गेली. फाटकात थांबायचं होतं, ती थांबली थेट गोदामात. व्यवस्थापक घाबरून बाहेर आले. "ताई, काही काम होतं का?"

तिने पदर सावरला, श्वास घेतला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आलेच आहे तर सांगा, त्या पिंपांत काय आहे हो?"