पत्ता आला, मजकूर नाही

तारेत आधी काय यावं हा नियम माणसानं केला का सैतानानं, देव जाणे! तार कुठून निघाली, कितवी, किती वाजता, शब्द किती, मग पत्ता; एवढं सगळं झाल्यावर मजकूर. मी इंदापूरचा तारमास्तर. रोज हेच घेत होतो, कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी पोरगी घरात घटसर्पानं पडली होती. श्वास घ्यायची तर घशात शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी सकाळीच पुण्याच्या दवाखान्याला तार करायला लावली होती: सीरम पाठवता, की पोरीला आणू? दुपारी यंत्र कडकट्ट करू लागलं. मी पेन्सिल उचलली. पुणे. नंबर. वेळ. शब्द. डॉक्टरांचा पत्ता. आणि यंत्र बंद पडलं. बारामतीच्या अलीकडं कुठंतरी तार तुटली होती.

मी खटका बडवला, शिव्या घातल्या. मग शब्दांच्या आकड्यातनं पत्त्याचे वजा केले. मजकुराचे चार उरले. चार शब्दांत काय बसत नाही हो? 'सीरम आजच्या गाडीने पाठवलंय' बसतं. 'मुलीला ताबडतोब इकडे आणा' बसतं. 'सीरम शिल्लक नाही, क्षमस्व' हे मेलंही बरोबर बसतं.

डॉक्टर म्हणाले, "सीरम निघालं असेल तर वाटेत चुकामूक व्हायची. निघालं नसेल तर इथं बसून पोर हातची जायची. काय सांगू मी तरी?"

ही उसळली. "अवो, शब्द काय मोजत बसलाय! तार बारामतीवरनंच येती न्हवं? तितं समदं कळंल. म्होरं रेल्वे हाय. उचला पोरीला!"

खरंच होतं. बारामतीला मजकूर पुरता पोचला असणार. मिळाली ती एसटी धरली. ड्रायव्हरला सारखं म्हणत होतो, हाण की रे बाबा. शिट्टी बारीक होत चालली होती.

बारामतीचा तारबाबू मला बघताच कागद घेऊन धावत आला. सीरम निघालं होतं. आजच्याच गाडीनं, सरळ सोलापूर रस्त्यानं इंदापूरला.

पुढच्या गाडीनं मागं फिरलो. निम्म्या वाटेवरचं कळंबही आलं नव्हतं, पोरीनं आईच्या मांडीवर मान टाकली.

इंदापूरच्या स्टँडवर डॉक्टर बाटली हातात धरून उभे होते. हिनं पोरीला पदराखाली घेतलं आणि काही केल्या गाडीतनं उतरेना.